'बेल्टेन'ला वसंतोत्सव म्हणावं का?

प्रश्न असा: एका मराठी अनुवादात आयर्लंड-स्कॉटलंडच्या 'बेल्टेन' सणाला 'वसंतोत्सव' म्हटलंय, ते बरोबर का? आणि त्यातला 'बेल' म्हणजे बायबलमधला बाल देव का?

आधी देवाचं निकालात काढू. इसवी सन ९००च्या सुमाराचा 'सानस कॉर्मॅक' नावाचा आयरिश शब्दकोश आहे. त्यात या शब्दाची फोड 'शुभ अग्नी' अशी दिली आहे. द्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, दोन आगी पेटवायचे, मंत्र म्हणायचे आणि वर्षभराची रोगराई टळावी म्हणून गुरं त्या दोन आगींमधून हाकायचे, असंही तिथे म्हटलंय. बालशी नातं जोडायचा मोह विद्वानांना बराच काळ होता, पण आयर्लंडमध्ये बालपूजा होती याला पुरावा नाही. आज बहुतेक भाषाभ्यासक 'बेल'चा अर्थ 'झळाळणारा' असा घेतात. जुन्या आयरिशमधला अग्निवाचक 'तेने' तर आपल्या ओळखीचाच निघतो: तो आणि संस्कृतातला 'तप्' एकाच मुळाचे. म्हणजे आपला 'ताप'सुद्धा त्याच गोतावळ्यातला!

आता वसंतोत्सव. माझ्या मते हा शब्द चुकतो. आयरिश परंपरेत वसंत १ फेब्रुवारीच्या 'इम्बोल्क'ला सुरू होतो; १ मेचा बेल्टेन हा उन्हाळ्याचा पहिला दिवस. (दिवस सूर्यास्तापासून मोजायचे, म्हणून आगी ३० एप्रिलच्या संध्याकाळीच पेटतात.) पण नुसतं 'उन्हाळ्याचा सण' म्हटलं तरी मराठी वाचकापुढे करपलेलं माळरान येणार. तिथला उन्हाळा म्हणजे गवत वर येण्याचे दिवस. हिवाळाभर खाली राहिलेली गुरं तेव्हा डोंगरावरच्या कुरणांत जात. म्हणूनच सगळी काळजी गुरांची आणि दूधलोण्याची. त्या दिवशी घरातून विस्तव किंवा दूध बाहेर द्यायचं नाही, नाहीतर वर्षभराची बरकत त्याबरोबर जाते, अशी समजूत होती. थॉमस पेनंट हा वेल्श प्रवासलेखक १७६९मध्ये स्कॉटलंडात हिंडला आणि त्याने हा सण टिपून ठेवला. तिथले गुराखी नऊ उंचवटे असलेली ओटची भाकरी करत, एकेक उंचवटा मोडून खांद्यावरून मागे टाकत, आणि 'घोडी राख, मेंढ्या राख' म्हणून रक्षणकर्त्याला विनवत. गंमत म्हणजे त्यात कोल्ह्याचा आणि गरुडाचाही वाटा असे, कोकरं सोडून दे म्हणून!

एडिंबरोच्या कॅल्टन हिलवर १९८८पासून होणारा अग्निमहोत्सव हा नव्याने रचलेला, नाट्यमय प्रकार आहे. त्यावरून जुना अर्थ ठरवू नये.

मी अनुवादात 'बेल्टेन' तसाच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखापाशी 'गुरं कुरणावर नेण्याच्या दिवसांतला अग्निसण' एवढं जोडीन. पात्र आयरिश बोलणारं असेल तर मात्र उच्चार 'ब्यालतना'च्या जवळ जाणारा हवा. आयरिशमध्ये मे महिन्याचं नावही तेच आहे, तेव्हा संदर्भ सणाचा आहे की महिन्याचा, हे अनुवादकाने तपासून घ्यावं.