पोर्टलाइट गळतंय? आधी चौकट काढा

पोर्टलाइट म्हणजे बोटीच्या केबिनची छोटी खिडकी. ती गळत असेल तर बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढू नका. प्रत्येक नवखा तेच करतो. मीही केलं होतं. गळती थांबल्यासारखी वाटली, पण पाणी आतल्या आत मुरत राहिलं. शिवाय सिलिकॉनचा ओशट थर खरवडला तरी पुरता जात नाही आणि त्यावर मग दुसरं काही धड चिकटत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच फायबरग्लास बोटींत केबिनच्या भिंतीत, दोन थरांच्या मधे, प्लायवूड किंवा बाल्सा (एक हलकं, मऊ लाकूड) असतो. खिडकीसाठी कापलेली त्याची कड अनेकदा उघडीच असते. चौकट काढून स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे टोचून बघा. भिजवलेल्या बिस्किटासारखा भुगा निघाला तर समजायचं, लाकूड गेलं. कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत ते कोरायचं. चांगलं असलं तरी कडेने सेंटिमीटरभर खाच पाडा, पूर्ण वाळू द्या आणि घट्ट केलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) भरा. घाईत ओल्यावर इपॉक्सी भरलंत तर ओल आतच कोंडते. स्क्रूची भोकंही मोठी करून अशीच भरा, मग नव्याने पाडा.

चौकट बसवताना मी ब्युटाइल टेपच (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरतो. स्क्रू एकदम आवळू नका. दोन-तीन दिवस थोडे थोडे आवळा, बाहेर आलेली टेप कापत राहा. काच अ‍ॅक्रिलिकची असेल तर पॉलिसल्फाइड (फटी बुजवायचं एक सीलंट) अजिबात लावू नका, त्याने ती खराब होते.

शेवटी एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. सुरुवात खालच्या कडेपासून करा, नाहीतर पाणी कुठून शिरतंय ते कळणारच नाही.