संगणकाचा निर्णय, तुमची सही

शासकीय सेवेत नव्याने रुजू होताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: बरेच निर्णय संगणकप्रणालीने आधीच सुचवलेले असले, तरी त्यांखालची सही तुमची असते, म्हणून ‘प्रणालीनेच अर्ज नाकारला’ हे उत्तर नागरिकाला कधीही देऊ नये. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या तपासणीत जोखीम ठरवताना नागरिकत्व हाही निकष धरला गेला. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात तर प्रणालीने वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढली आणि त्यावरून सरकारी भत्ता जास्त घेतला असे ठरवून लाभार्थ्यांकडे वसुली मागितली गेली. वर्षातून काही महिनेच काम मिळणाऱ्याला ती सरासरी लागू पडत नाही, हे खरे तर कोणत्याही अनुभवी कारकुनाने सांगितले असते. त्याहून गंभीर म्हणजे चूक सिद्ध करण्याचा भार नागरिकावरच टाकला गेला. म्हणून नकार देताना त्याचे कारण आणि आधारभूत माहिती साध्या भाषेत लिहा, आणि निर्णय बदलण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत अर्जदार पोहोचेल याची सोय करा. गरजेपुरतीच माहिती गोळा करा. ऑनलाइन सेवा सुरू झाली म्हणून खिडकी बंद करण्याचा प्रस्ताव आला, तर ती कोण वापरते याची नोंद आधी मागवा.