वाचक विचारतात : वेग जुनाच, लगाम नवा

घन आणि द्रव वेगळे करणाऱ्या औद्योगिक सेंट्रिफ्यूज यंत्रांविषयी या महिन्यात चार वाचकांनी विचारले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातले कोडे सुटले की पुढच्या प्रश्नांपैकी निम्मे आपोआप सुटतात.

प्रश्न : माझे वडील सहकारी साखर कारखान्यात सेंट्रिफ्युगल स्टेशनवर कामाला होते. त्यांच्या वेळी मशीन थांबवताना ब्रेकचा जळका वास येई आणि बास्केटमधली साखर खाली पाडायला दर मशीनमागे माणूस लागे. गेल्या गळीत हंगामात मी एक कारखाना पाहिला, तर एकच ऑपरेटर पडद्यासमोर बसून सगळी मशीन चालवत होता. मात्र फेऱ्यांचा वेग विचारला, तर तो वडील सांगत त्याच्या आसपासच निघाला. मग सुधारणा झाली ती कोणती? (एक वाचक, अकलूज)

उत्तर : आपल्याला जे खटकले, तेच या यंत्राचे मर्म आहे. पॅनमध्ये, म्हणजे पाक आटवण्याच्या भांड्यात, शिजून तयार झालेल्या मॅसेक्युटमध्ये साखरेचे दाणे आणि त्यांना चिकटलेली दाट मळी एकत्र असतात. हे मिश्रण जाळीच्या बास्केटमध्ये सोडून गरगर फिरवले की मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि दाणे आत राहतात. बास्केटचा व्यास १.२ मीटर आणि वेग मिनिटाला १२०० फेरे धरला, तर भिंतीपाशी दाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९६५ पट जोर येतो, आणि बास्केटचा काठ तासाला सुमारे २७० किलोमीटर वेगाने धावत असतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होईल हे खरे, परंतु बास्केटच्या पोलादावरचा ताणही चौपट होईल, आणि त्या पोलादाला मळी जाण्यासाठी जागोजागी भोके पाडलेली असतात. भिंत जाड करून हा प्रश्न सुटत नाही, कारण जाड भिंतीचे वजनही तिला बाहेरच ओढते. फिरत्या कड्याला स्वतःच्या वजनामुळे येणारा ताण त्याच्या जाडीवर नव्हे, तर काठाच्या वेगावर आणि धातूच्या घनतेवर ठरतो. म्हणून मोठ्या बास्केटच्या मशीनचा वेग एका मर्यादेशी येऊन थांबला, तो बराचसा तिथेच आहे.

सुधारणा झाली ती त्या वेगापर्यंत चढण्यात, त्यावरून उतरण्यात आणि दरम्यानच्या दोन-तीन मिनिटांत काय घडते त्यावर नजर ठेवण्यात. पूर्वीच्या मोटारींना दोन किंवा तीन ठराविक वेग असत. बटण दाबले की मोटार झटका घेऊन वर चढे आणि थांबवताना बास्केटमध्ये साठलेली सगळी गतिज ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन जाई. आपल्या वडिलांना येणारा जळका वास तोच. काठाच्या वेगाने फिरणाऱ्या प्रत्येक टन वजनामागे ही ऊर्जा जवळजवळ ०.८ युनिट भरते, आणि तासाला वीस बॅच काढणाऱ्या मशीनमध्ये ती वीस वेळा भरावी आणि वीस वेळा उधळावी लागते. आता विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग हवा तसा ठेवणारे ड्राइव्ह आल्यामुळे मोटार थांबताना जनित्रासारखी चालते आणि वीज परत वाहिनीत सोडते. स्टेशनवरच्या मशीनच्या वेळा थोड्या पुढे-मागे ठेवल्या, तर एक बास्केट थांबताना मिळालेली वीज शेजारची बास्केट वेग घेताना वापरते. मला स्वतःला या साऱ्या सुधारणांत हीच सर्वांत देखणी वाटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. मळी निघून गेल्यावरही दाण्यांवर तिचा पातळ थर उरतो आणि तो धुण्यासाठी बास्केटमध्ये गरम पाण्याची फवार मारतात. झाकणाच्या काचेतून पाहिले, तर विटकरी भिंत बघता बघता पिवळसर होते आणि मग एकदम पांढरी पडते. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा तिथून पाय निघत नाही. पण हेच पाणी चोरही आहे. ८० अंश सेल्सिअसचे एक किलो पाणी साडेतीन किलोंहून अधिक साखर विरघळवू शकते, आणि विरघळलेली साखर मळीबरोबर जाऊन पुन्हा पॅनच्या वाटेला लागते, म्हणजे तीच साखर दुसऱ्यांदा शिजवण्यासाठी वाफ खर्च होते. पूर्वी पाण्याचा कॉक किती वेळ उघडा ठेवायचा हे कामगाराच्या डोळ्यावर असे, आणि रात्रपाळीत साखर पिवळी गेली तर बोल लागेल म्हणून तो दोन सेकंद जास्तच सोडी. त्यात त्याचा दोष नव्हता. आता ही वेळ सेकंदांच्या अंशात ठरवता येते, आणि रंग पाहून पाणी बंद करणारे संवेदकही मिळतात. मॅसेक्युट भरतानाही थराची जाडी मोजून गेट बंद होते, आणि साखर खरवडून पाडणारा नांगर बास्केट पुरती मंदावल्याशिवाय आत उतरतच नाही.

एक जुनी युक्ती मात्र तशीच टिकली आहे. हवाई बेटांवर डेव्हिड वेस्टन यांनी १८५०च्या दशकात साखरेसाठी सेंट्रिफ्युगल वापरले, आणि बास्केट वरून टांगून फिरवण्याची रचना पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. टांगलेल्या बास्केटमध्ये माल एका बाजूला थोडा जास्त बसला, तरी ती जराशी डुलते आणि स्वतःचा तोल शोधते. घट्ट बसवलेली असती, तर तिने बेअरिंग खाल्ले असते. आजची बॅच मशीनही अशी टांगलेलीच असतात.

आपण पाहिलेल्या कारखान्यात त्यांच्याशेजारी न थांबता चालणारी कंटिन्युअस मशीनही असतील. त्यांची बास्केट शंकूच्या आकाराची असते. खाली मॅसेक्युट पडत राहते, ते जाळीवरून वर सरकता सरकता मळी सोडते आणि दाणे वरच्या काठावरून बाहेर उडतात. या जाळीच्या फटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजाव्या इतक्या बारीक, साधारण ०.०६ मिलिमीटरच्या असतात, आणि जाळी निकेलची असून तिच्यावर क्रोमचा मुलामा असतो. ‘बी’ आणि ‘सी’ मॅसेक्युटसाठी, म्हणजे आधीच्या मळीतून पुन्हा शिजवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या मालासाठी, हे मशीन उत्तम, कारण तो दाणा पुढे विरघळवायचा किंवा नवे दाणे वाढवण्यासाठी बियाणे म्हणून वापरायचा असतो. पोत्यात जाणारी एम-३० किंवा एस-३० प्रतीची साखर मात्र बहुतेक कारखाने आजही बॅच मशीनवरच काढतात, कारण काठावरून उडालेला दाणा आवरणावर आपटतो, त्याच्या कडा तुटतात आणि चमक जाते. आवरण रुंद करून, दाण्याला वाटेत मंदावून हा मार कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. तरी बाजारात दाण्याचा भाव त्याच्या कडांवर ठरतो तोवर बॅच मशीन हटेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : डेअरीतला क्रीम सेपरेटर आणि साखरेचे हे मशीन एकाच जातीचे समजावे काय? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : कूळ एक, कामाची रीत वेगळी. साखरेचे मशीन गाळते, त्याला जाळी लागते. सेपरेटरला जाळी नसते; तो जड ते बाहेर आणि हलके ते आत असे निवळवतो. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८मध्ये सतत चालणारा सेपरेटर पुढे आणला, आणि साधारण १८९०पासून त्यात एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या तबकड्या आल्या. त्यामुळे कणाला भांडे ओलांडून जावे लागत नाही, दोन तबकड्यांमधले मिलिमीटरभर अंतर पुरते. भांड्याच्या कडेला साठलेला गाळ काढण्यासाठी पूर्वी यंत्र थांबवून ते उघडावे लागे. आताचे भांडे पूर्ण वेगात असताना क्षणभर कडेने फाकते, गाळ बाहेर टाकते आणि पुन्हा मिटते. द लावाल यांच्या परंपरेतल्या कंपनीचा कारखाना आपल्याकडे पुण्यात दापोडीला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

प्रश्न : आमच्या शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात गाळ सुकवण्याचे वाफे आहेत. ते मोडून डिकँटर सेंट्रिफ्यूज बसवण्याचा प्रस्ताव आहे. विजेचा खर्च करून पाणी काढण्याऐवजी उन्हात वाळवणे स्वस्त नाही काय? (एक निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : जागा भरपूर असेल आणि पाऊस नसेल, तर स्वस्तच आहे. परंतु ठाण्यात जून ते सप्टेंबर वाफ्यांवर गाळ वाळत नाही, उलट भिजतो, आणि केंद्र तर रोज गाळ तयार करत राहते. जागेचे भाव मी आपल्याला सांगायला नकोत.

हिशेब वजनाचा करून पाहावा. १०० किलो दाट गाळात ३ किलो घन आणि ९७ किलो पाणी आहे असे धरू. सगळा घन धरून ठेवला आणि चोथ्यात, म्हणजे पाणी काढून उरलेल्या घट्ट गाळात, घनाचे प्रमाण २० टक्के आले, तर १०० किलोंचे १५ किलो होतात. २५ टक्के आले, तर १२ किलो. वरकरणी हा फरक पाच टक्क्यांचा दिसतो, पण त्यात पाच ट्रकांचे चार होतात, आणि ट्रक रोज जातात. डिकँटरमधली प्रगती मुख्यतः या पाच टक्क्यांसाठी झाली आहे.

डिकँटर म्हणजे आडवे फिरणारे भांडे आणि त्याच्या आत मळसूत्रासारखा स्क्रोल. अर्धा मीटर व्यासाचे भांडे मिनिटाला ३००० फेरे फिरले, तर भिंतीपाशी गुरुत्वाच्या सुमारे २५०० पट जोर मिळतो. गाळ भिंतीवर बसतो आणि स्क्रोल भांड्यापेक्षा मिनिटाला केवळ काही फेऱ्यांनी मागे-पुढे फिरत त्याला निमुळत्या टोकाकडे ढकलतो. सगळी कला या थोड्याशा फरकात आहे. फरक कमी ठेवला तर चोथा जास्त वेळ दाबला जातो आणि कोरडा निघतो, मात्र जास्त कमी केला तर आत गाळ तुंबून यंत्र अडकते. पूर्वी हा फरक गिअर आणि पट्ट्याने एकदा ठरवला की ठरला. आता स्क्रोलला स्वतंत्र ड्राइव्ह असतो, तो स्क्रोलवरचा पीळ सतत मोजतो आणि चोथा घट्ट झाला की फरक वाढवतो, सैल झाला की कमी करतो. सकाळचा गाळ आणि संध्याकाळचा गाळ सारखा नसतो, म्हणून ही सोय फार मोलाची आहे.

प्रस्ताव तपासताना आपण दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. एक म्हणजे पॉलिइलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे कण एकत्र गोळा करणाऱ्या पॉलिमरचा, खर्च, कारण कण इतके बारीक असतात की ते आधी गोळा झाले नाहीत तर यंत्रही हतबल ठरते. कणाचा आकार निम्मा झाला की बसण्याचा वेग चौथ्या भागावर येतो. मशीन विकत घेताना सगळे किमतीवर घासाघीस करतात आणि पुढची पंधरा वर्षे पॉलिमरची बिले भरतात. दुसरी म्हणजे वाळू. आपल्याकडे मैलापाण्यात ती बरीच येते आणि स्क्रोलच्या पात्यांची धार खाते. तिथे टंगस्टन कार्बाइडच्या फरशा बसवल्या आहेत का, आणि त्या जागेवर बदलता येतात का, हे निविदेत लिहून घ्यावे.

प्रश्न : मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात लागला आहे. तिथे सेंट्रिफ्यूज उघडून कापडी पिशवीतला ओला माल हाताने काढतात. यात धोका आहे का? (एक माता, महाड)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. माल पाण्याने ओला असेल तर प्रश्न मुख्यतः फिरत्या बास्केटचा राहतो, आणि त्यासाठी बास्केट पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू न देणारे कुलूप मशीनवर असावे लागते. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ३०व्या कलमानेच फिरती भांडी आणि बास्केट यांच्या काठाचा सुरक्षित वेग ओलांडला जाऊ नये, अशी उपाययोजना कारखान्यावर बंधनकारक केली होती. परंतु औषधांच्या कारखान्यात माल बहुधा टोल्युईन, ॲसिटोन अशा ज्वालाग्राही द्रावकाने ओला असतो. तिथे वाफ, हवा आणि कापडाच्या घर्षणातून उडणारी स्थिरविजेची ठिणगी एकत्र आली की आग लागते. म्हणून आत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन ठराविक पातळीखाली ठेवतात, तो मोजत राहतात आणि यंत्राला अर्थिंग देतात. नव्या यंत्रांत माल झाकण न उघडता निघतो: काहींत पाते तो खरवडून खाली सोडते, तर काहींत गाळणकापडच बाहीसारखे उलटे होऊन माल झटकते. ही यंत्रे महाग आहेत, त्यामुळे लहान कारखान्यांत अजून पिशव्याच दिसतात. मुलाला इतकेच विचारावे की ऑक्सिजन मोजणारे उपकरण चालू असते का, आणि ते बंद पडले तर मशीन सुरू होते का. सुरू होते असे उत्तर आले, तर त्याने ही गोष्ट सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि त्या दिवशी त्या मशीनवर काम घेऊ नये.