पगार कमी म्हणून पोरगा जाईल का?

"मॅडम, त्याचा पगार पंच्याण्णव हजार. माझा बावीस. कोर्ट पोरगा कोणाला देणार, तुम्हीच सांगा."

हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने हे विचारलं. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, नवरा चाकणच्या कंपनीत, मुलगा आठ वर्षांचा, तिसरीतला. चार महिन्यांपासून ती मुलाला घेऊन माहेरी, चिंचवडला राहत होती. नवरा फोनवर एकच वाक्य ऐकवायचा, "मुलगा मलाच मिळणार. तुझी ऐपत काय?"

हा प्रश्न माझ्या खोलीत वेगवेगळे कपडे घालून येतो. "स्वतःचं घर नाही." "नोकरी सोडून दहा वर्षं झाली." पुरुष उलटं विचारतात, "बाप आहे म्हणून माझं कोणी ऐकणारच नाही ना?"

मी समुपदेशक आहे, वकील नाही. त्यामुळे पहिल्याच भेटीत तिला एका वकीलबाईंकडे पाठवलं. पूर्वी मी असं करत नसे. "आधी मन शांत होऊ दे, वकिलाचं नंतर बघू," म्हणायचे. त्यात एका बाईचे आठ महिने गेले. नवऱ्याने एक रुपया पाठवला नाही, आणि तिने पोटगीचा अर्जही केला नव्हता. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे ते आठ महिने गेले ते गेलेच. तो सल्ला माझा होता. तेव्हापासून समुपदेशन आणि वकील ही दोन्ही कामं मी एकदमच सुरू करायला सांगते. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे शिकलेल्या बायकांनाही ठाऊक नसतं.

वकीलबाईंनी तिला पगाराचं आधी विचारलंच नाही म्हणे. विचारलं ते असं : शाळेच्या मीटिंगला कोण जातं? लसीचं कार्ड कुठे आहे? पोराला धाप लागली तर पंप कोणत्या खणात असतो, हे घरात कोणाला माहीत आहे? ती घरी येऊन वहीत लिहायला बसली, आणि पुढच्या वेळी मला वही दाखवताना पहिल्यांदा जरा ताठ बसली होती.

कायदा इथे बराच सरळ आहे. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा काय किंवा 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा काय, ताब्याचा निकाल मुलाच्या हितावर ठरतो. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. आठ वर्षांच्या मुलाबाबत मात्र 'आई आहे म्हणून' एवढ्यावर भागत नाही, तसंच 'बापाकडे पैसा आहे म्हणून' यावरही भागत नाही. मूल कोणाजवळ रुळलंय, शाळा कुठे, रोजचं कोण बघतं, हे पाहतात. पैशातला फरक भरून काढायला पोटगी आहे. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने द्यावं, म्हणून तर ती मागायची. नवऱ्याचे पंच्याण्णव हजार हे ताब्याचं नव्हे, पोटगीचं कारण होतं. हे वाक्य मी तिला तीनदा सांगितलं तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं.

मग गंमत झाली. पगार कमी म्हणून रडणारी हीच बाई पुढच्या महिन्यात तो आणखी कमी दाखवायला निघाली. रविवारी ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची, त्याचे चार-पाच हजार सुटायचे. "ते लिहायलाच हवेत का? कमी दिसलं तर पोटगी जास्त मिळेल." सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. ते प्रकरण आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातूनच वर गेलेलं. वकीलबाईंनी तिला निक्षून सांगितलं, खातेउताऱ्यात जे दिसतं ते लपत नाही, आणि एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही कोणी धरत नाही. तिने रविवारचे पैसे लिहिले. तिकडे नवऱ्यालाही ओव्हरटाइम आणि गावच्या जमिनीचा हिस्सा लिहावा लागला.

आता खरा पेच. तो ना पगाराचा होता, ना कागदांचा.

तिसऱ्या भेटीला मी मुलाला बोलावलं. तिला बाहेर बसवलं. तो माझ्या टेबलावरच्या रबरस्टॅम्पशी खेळत होता. मी काही विचारायच्या आत एका दमात म्हणाला, "बाबा वाईट आहेत, ते आईला त्रास देतात, मला आईकडेच राहायचंय." पाढे म्हणतात तसं. मग दाराकडे बघून हळूच, "बरोबर म्हटलं का?"

मी विचारलं, बाबांबरोबर शेवटचं काय खेळलास? स्टॅम्प खाली ठेवून त्याने पंधरा मिनिटं मला कॅरमचा एक डाव सांगितला. राणी कशी गेली, बाबांनी मुद्दाम कशी सोडली, सगळं.

आईला आत घेऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती चिडली. "म्हणजे तुम्ही पण त्याच्या बाजूच्या?" आठवडाभर आली नाही. आली तेव्हा कबूल केलं की दोन महिने तिने बापलेकांचं फोनवरचं बोलणंही बंद केलं होतं. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलू शकतात, आणि समज आलेल्या मुलाचं म्हणणं विचारात घेतात. पण ते म्हणणं अनेक गोष्टींपैकी एक. शिवाय पढवलेलं मूल ओळखायला फार हुशारी लागत नाही, मला पाच मिनिटं लागली. ज्या भीतीपोटी ती हे करत होती, तीच गोष्ट तिच्या अंगाशी आली असती. भेटी अडवणारा पालक मुलाचं हित बघतो असं कोण म्हणेल? त्याच रात्री तिने नवऱ्याला फोन लावून मोबाइल मुलाच्या हातात दिला.

नवराही दोनदा येऊन गेला. घोटीव बोलणारा माणूस, पण दुसऱ्या भेटीत घसरला. "महिन्यातून एकदा कोर्टातल्या खेळण्यांच्या खोलीत भेटायचं का पोराला? तास संपला की चला?" मित्राचं तसं झालेलं त्याने पाहिलं होतं. ऐपतीचं ते वाक्य या भीतीतून यायचं. म्हणून ते बोलणं माफ होतं असं नाही, पण बोलणी तिथून पुढे सरकली.

एक वर्ष वेगळं राहणं पूर्ण झाल्यावर त्यांनी शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज टाकला. त्या न्यायालयात वकील हा हक्काने नसतो, परवानगीने उभा राहतो, आणि न्यायाधीश थेट तुम्हालाच विचारतात, याची तालीम तिने माझ्याकडे केली. पहिल्या अर्जानंतर थांबायचे सहा महिने सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून काही अटींवर माफ होतात. यांनी ते मागितलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं. बापलेकांच्या भेटींचं ठरलेलं वेळापत्रक चालतंय का, हे त्या सहा महिन्यांत कळलं.

वेळापत्रकावर वकीलबाईंनी जेवढा वेळ घालवला तेवढा बाकी कशावरच नाही. माझ्या मते वकिलाची खरी परीक्षा तिथेच होते. 'वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील' असं लिहून मोकळं होणारेही असतात, आणि मग दर दिवाळीला भांडण. यांच्या कागदावर असं होतं : एक आड एक शनिवार सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा. बुधवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल. गणपती एक वर्ष चिंचवडला, एक वर्ष साताऱ्याच्या घरी. मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी. शाळेची फी वडील परस्पर भरणार, पोटगी दर महिन्याच्या सहा तारखेला खात्यावर, दरवर्षी ठरावीक वाढ. आणि तिच्या हट्टाने एक ओळ : दम्याचा पंप दोन्ही घरी एकेक, खर्च दोघांत.

पहिल्या शनिवारी तिने मुलाची बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. मला फोटो पाठवला : कपडे, पंप, गृहपाठाची वही आणि वर कॅरमचा स्ट्रायकर. तो त्याने स्वतः टाकला होता.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. पोटगी सहाऐवजी सोळाला आली, वकीलबाईंना नोटीस पाठवायला सांगू का? मी लिहिलं, आधी त्यालाच विचार. तासाभराने उत्तर आलं, "विचारलं. पगारच उशिरा झाला त्यांचा."