‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे काय? सिंहस्थाबद्दल लिहिताना वापरता येईल का?
अर्थ ‘अगदी क्वचित’, आपल्याकडच्या कपिलाषष्ठीच्या योगासारखा. पण सिंहस्थासाठी तो शोभत नाही. साधारण दर १२ वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की नाशिकला पर्वणी येते, हे आधीच ठाऊक असतं. हा वाक्प्रचार मात्र ज्याचा काही नेम नाही अशा गोष्टीसाठी आहे. ‘ही कम्स टु नाशिक वन्स इन अ ब्लू मून’, म्हणजे तो नाशिकला आला तर आला. इंग्रजी महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणतात खरं, आणि ती अडीच-तीन वर्षांतून एकदा येते. पण ती व्याख्या १९४६ साली एका अमेरिकी मासिकातल्या चुकीच्या अर्थामुळे रुजली. वाक्प्रचार त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकातला. त्यामुळे वर्षं मोजू नका. अर्जात किंवा अहवालात ‘रेअरली’च लिहा, हा बोलण्यातला प्रयोग आहे.