दोन डाइव्ह मारून त्याच रात्री घाट चढणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: ‘जानेवारीत पुण्याहून दहा दिवसांसाठी गोव्यात येतोय, पाठीवर एकच बॅग. आधी दक्षिणेचे किनारे पायी, मग शिडाची बोट, मग जंगल, आणि शेवटच्या दिवशी मुरगावसमोरच्या ग्रँड आयलंड बेटाजवळ दोन डाइव्ह मारून रात्रीच्या बसने परत. जमेल का? की गोव्याचं पाणी गढूळच असतं म्हणून डायव्हिंगला सरळ अंदमान गाठावं?’

जमेल. पण क्रम पार उलटा लावलाय तुम्ही. आणि ‘गढूळच असतं’ हे तुमच्या कानावर कुणी घातलं असेल याचा मला अंदाज आहे, कारण माझा मावसभाऊही पुण्यातच राहतो.

हा गडी अंदमानात हॅवलॉकला डायव्हिंगचं कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, काढून आलेला. (हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराजद्वीप झालं, पण कार्डवाले अजून हॅवलॉकच म्हणतात.) काही वर्षांपूर्वी कोजागिरीला जोडून सुट्टी मिळाली म्हणून आला, दुसऱ्याच दिवशी पाण्यात उतरला आणि वर येऊन म्हणाला, ‘स्वतःचा हात दिसत नाही, हे कसलं डायव्हिंग?’ तेव्हापासून हा वाद आमच्या प्रत्येक लग्नात आणि बारशात होतो. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

गोव्याचा समुद्र त्या दिवशी गढूळ का होता? पहिलं कारण महिना. पावसाळाभर मांडवी आणि झुआरी जो गाळ आणतात तो मुरगावच्या तोंडाशी पसरलेला असतो. शिवाय पावसाळ्यात आणि नंतरचे काही आठवडे खोलचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. त्यातल्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती पोसतात आणि पाण्याला हिरवट झाक येते. वर कोमट, चार-सहा मीटर खाली गेलं की अंगावर काटा आणणारा थर. डिसेंबरपर्यंत हे बहुतेक निवळतं.

दुसरं कारण तिथी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (म्हणजे लहान भरती-ओहोटी), हे किनाऱ्यावरच्या पोरालाही सांगावं लागत नाही. कोजागिरीला दूध आटवणाऱ्याला मात्र सांगावं लागतं. उधाणाला आमच्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या घरात जातो, भांगाला त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. फरक जितका मोठा तितका नद्यांचा ओढा जोराचा, आणि ओहोटीला तो सगळा गाळ बेटाच्या दिशेने निघतो. म्हणून डाइव्हचा दिवस अष्टमीच्या मागेपुढे धरा आणि मुरगावचं भरतीचं कोष्टक बघून पूर्ण भरतीच्या थोडं आधी पाण्यात उतराल अशी वेळ मागा. बोट दोनदा थांबते. दोनातली एक डाइव्ह तरी त्या वेळेत बसते. चांगल्या दिवशी सहा-आठ मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी दोन. वीस मीटर दिसेल ही अपेक्षा घरी ठेवून या.

तिसरं कारण तो स्वतः. बोटीवर त्याने बुडण्यासाठी कमरेला आठ किलो शिसं बांधलं, कारण ‘मागच्या वेळी वर तरंगत होतो’. सत्तर किलोचा माणूस, तीन मिलिमीटरचा सूट, अॅल्युमिनियमची टाकी, खारं पाणी, एवढ्याला चार ते सहा किलो पुरतं. वजन जास्त झालं की माणूस तळाला बसतो, मग अंगावरच्या तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरतो, ती हवा खांद्यापाशी जमते, पाय खाली लोंबतात आणि प्रत्येक फटक्याला पायातला फिन (रबरी पंख) तळाचा गाळ उडवतो. म्हणजे जे गढूळ पाणी तो शिव्या देत बघत होता, ते अर्धं त्याच्याच पायांनी केलेलं.

वजन तपासायची रीत साधी आहे. रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायची नळी) तोंडात, जॅकेट पूर्ण रिकामं, नेहमीचा श्वास छातीत धरून पाण्यात उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं आणि श्वास सोडला की हळूहळू बुडावं. टाकी भरलेली असताना हे जमलं तर त्यावर दीड-दोन किलो वाढवायचे, कारण दोनशे बार दाबाची टाकी पन्नासवर येईपर्यंत आतली जवळपास दोन किलो हवा तुम्ही श्वासातून सोडलेली असते आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं तेव्हा टाकीच तुम्हाला वर ओढते. हे न करता पट्ट्यावर अंदाजपंचे दगड लादणारा डाइव्हमास्टर (पाण्यात सोबत उतरणारा वाटाड्या) असेल तर त्याला तोंडावर विचारा.

आता खरा वाद. त्या दिवशी दोन डाइव्ह झाल्या, दुपारी दोनला बोट धक्क्याला लागली आणि हा चारला चोर्ला घाटामार्गे बेळगावला निघाला. मी अडवलं. तो म्हणाला, ‘घाट म्हणजे विमान नव्हे.’ तुमची रात्रीची बसही हेच करणार आहे, म्हणून पुढचं नीट वाचा.

खोलवर दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो तासन्‌तास हळूहळू बाहेर पडत राहतो. त्या काळात बाहेरचा दाब आणखी उतरला तर विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, सोड्याचं बूच काढल्यासारखे. एका डाइव्हनंतर १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह असतील तर १८ तास विमान नको, हा सर्वमान्य नियम आहे. तो सुमारे सहाशे मीटरपासूनच्या उंचीला लागू धरतात. चोर्ल्याचा माथा आठशेच्या आसपास, आंबोली सातशेच्या आसपास. गोव्याहून पुण्याला जाणारी बस अशाच कुठल्यातरी घाटातून चढते. डाइव्हनंतर काही तासांतच तुम्ही तिथे, झोपेत, खांद्यात कळ आली तरी ‘बॅगेचं ओझं’ म्हणून सोडून देणार.

म्हणून क्रम असा लावा: आधी जंगल, मग शीड, मग डायव्हिंग, आणि शेवटी तीन दिवस दक्षिणेचे किनारे पायी. चालणं समुद्रसपाटीला होतं, नायट्रोजन आपोआप निघून जातो. मग काणकोणहून रेल्वे पकडा की मडगावहून बस, काही फरक पडत नाही.

जंगलाबद्दल अपेक्षा खाली आणा. चित्रातलं टपटप गळणारं रान जानेवारीत नसतं. आमच्याकडची सदाहरित आणि निमसदाहरित झाडी तेव्हा कोरडी पडू लागलेली असते, ओल फक्त नाल्यांच्या काठी. दूधसागरला (३१० मीटर) कुळेहून जीप जाते. रुळांवरून चालत जायला बंदी आहे, जुने व्हिडिओ बघून येऊ नका. मला विचाराल तर दूधसागर सोडा आणि नेत्रावळी किंवा खोतीगाव अभयारण्याला दोन दिवस द्या. सत्तरी तालुक्यात बांबरची निरंकाराची राय आहे. चिखलात जायफळाच्या कुळातली झाडं आणि गुडघ्यासारखी वर आलेली त्यांची मुळं. ती देवराई आहे, चपला काढा, पान तोडू नका, गावात विचारून मगच आत जा.

जळवा पावसाळ्यातल्या. जानेवारीत काळजी गोचिडीची. सत्तरीत २०१५ पासून गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि डिसेंबर ते मे हाच त्याचा मोसम. फिक्या रंगाची पूर्ण पँट, पायमोज्यात खोचलेली. पालापाचोळ्यात बसायचं नाही. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागची लवण, कानामागे बोट फिरवून बघायचं. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी, चुना असले गावठी प्रयोग नकोत. आठवड्या-दीड आठवड्यात ताप आला तर डॉक्टरला सत्तरीच्या जंगलात गेलो होतो हे न विचारता सांगा, पुण्याचा डॉक्टर माकडताप डोक्यात आणणार नाही.

शीड. मांडवीतली संध्याकाळची गाणी-नाच क्रूझ म्हणजे सेलिंग नव्हे, तिच्यावर पैसे घालवू नका. नौदलाचे दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती आमच्या दिवाडी बेटावर बांधलेली, इतकं तरी लक्षात ठेवा. दोन दिवस डिंगीवर, म्हणजे लहान शिडाच्या होडीवर, शिका, दोनापावलच्या बाजूला ती सोय आहे. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दहाच्या सुमारास तो मरतो, मग तासभर वारा पडलेला. बारानंतर वायव्येकडून खारा वारा भरतो आणि दोन ते चारमध्ये त्याला जोर येतो. म्हणून सकाळ डायव्हिंगची, दुपार शिडाची. नवशिक्याची चूक ठरलेली: वारा मागून असताना सुकाणू जरा जास्त वळतं, शीड एकदम दुसऱ्या बाजूला झापकन जातं आणि बूम (शिडाखालचा आडवा दांडा) कानशिलात बसतो. वारा मागे असेल तेव्हा डोकं खाली आणि शिडाचा दोर हातात. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, होडी उलटली की तोच अडकवतो.

जानेवारी-फेब्रुवारीत इराणी आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या लाटा अधूनमधून वायव्येकडून इथवर येतात. वर निरभ्र आभाळ, आणि समुद्र दोन दिवस खवळलेला. तेव्हा बेटाच्या आडोशाच्या बाजूलाच बोटी थांबतात आणि दिसणं आणखी कमी होतं. डायव्हिंगसाठी एक दिवस राखीव ठेवा, आगाऊ पैसे एकाच तारखेचे भरू नका.

ग्रँड आयलंडला काय दिसतं? प्रवाळ तुकड्या-तुकड्यांनी, खडकांवर चिकटलेले. अंदमानसारखी बाग नव्हे. पण ‘सुझीज रेक’ या बुडालेल्या जहाजाच्या लोखंडाभोवती तांबोशांचे थवे, कपारीत गोबरा, वाळूत पाकट. खोली पंधरा मीटरच्या आत, म्हणून हवा पुरते. कानाचं मात्र जपा. दाबाचा सगळ्यात मोठा बदल पहिल्या पाच मीटरमध्येच होतो, दुखायला लागल्यावर नाक चिमटून फुंकून उपयोग नाही. पृष्ठभागावरच एकदा, मग दोरीवरून पाय खाली ठेवून दर हातभर अंतराला. अडलं तर एक मीटर वर येऊन पुन्हा. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. गोळी घेऊन उतरलात आणि खालीच तिचा असर संपला, तर वर येताना कान अडकतो आणि तेव्हा थांबायला वेळ नसतो.

मास्क स्वतःचा आणा, बाकी सगळं भाड्याने. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास ओढा, चिकटून राहिला तर तुमचा. नवीन काच टूथपेस्टने दोनदा घासा, नाहीतर धुकं हटणार नाही. मिशी असेल तर वरच्या ओठावर व्हॅसलीन. बोट लागत असेल तर मध्यभागी, डिझेलच्या धुरापासून लांब, नजर क्षितिजावर. पूर्ण बॅग पाण्यासह दहा किलोच्या आत.

पायी जाताना पाळोळे, पाटणे, राजबाग ही वाळू सोपी आहे. पुढे तळपण नदीच्या मुखाशी कमरेएवढं पाणी दिसलं तरी उतरू नका, ओहोटीला ते पाणी माणसाला घेऊन समुद्रात निघतं. पुलावरून जा. गालजीबागला कासवं अंडी घालतात, तिथे रात्री टॉर्च आणि वाळूवर तंबू दोन्ही नको. सुरूची बनं, सावली आणि फार कमी माणसं.

आता जरा मागे येतो. दमा, हृदयाचा त्रास किंवा कानाचं ऑपरेशन असेल तर यातलं डायव्हिंगचं काहीच तुम्हाला लागू नाही, आधी डॉक्टर. ओळखीसाठी म्हणून मारतात ती पाच-सहा मीटरवरची दहा मिनिटांची डाइव्ह असेल तर घाटाचा धोका फारच कमी. आणि खरं सांगायचं तर आठशे मीटरवर दाब दहा टक्क्यांहूनही कमी उतरतो, विमानात पाव भाग. मावसभाऊ त्या दिवशी बेळगावला गेलाच आणि त्याला काही झालं नाही. तो हे प्रत्येक वेळी सांगतो. हेल्मेट न घालताही शेजारचा पंचवीस वर्षं पणजीला जातोय, त्यालाही अजून काही झालेलं नाही.

अंदमानचं राहिलं. पाणी तिकडचं स्वच्छ आहे, यात वाद नाही. पण शीड, जंगल आणि डाइव्ह एका कदंबा बसच्या (गोव्याच्या एसटीच्या) अंतरात हवं असेल तर इकडेच या. त्याहून स्वच्छ पाणी हवं तर मडगावहून रेल्वेने मुर्डेश्वरला उतरून नेत्राणी बेट गाठा, तिथे जानेवारीत बरंच लांबपर्यंत दिसतं. मावसभावाला मी हे तीन वर्षं सांगतोय, पण तो पुढच्या खेपेलाही पौर्णिमेलाच यायचं म्हणतोय.