औषध कंपन्या सरकारी लसीकरण ठरवतात का?

थेट नाही, पण त्यांचं वजन पडतं. सरकारी कार्यक्रमात कोणती लस घ्यावी याची शिफारस 2001 पासून एनटागी ही तज्ज्ञ समिती करते. मला खुपतं ते वेगळंच. जानेवारी 2008 मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी इथल्या सरकारी लस संस्थांचे परवाने स्थगित झाले, 2010 मध्ये परत मिळाले. मधल्या काळात सरकारची मोठी मदार खासगी उत्पादकांवर आली. विकणारे मोजके असले की दबाव येणारच!

इथे बडोद्यात माझ्या नातीच्या ममता कार्डावर (सरकारी लसीकरणाच्या नोंदीचं कार्ड) पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीच्या तिन्ही तारखा आहेत, सहावा, दहावा, चौदावा आठवडा. एक पैसा लागला नाही. ते डोस चुकवू नकाच. खासगी दवाखान्यात जास्तीच्या लशींची यादी दिली, तर प्रत्येकीबद्दल विचारा: ही सरकारी यादीत का नाही?